सूत्र आणि प्रसंग

सूत्र म्हणजे दोरा. हारांत तो दिसत नाहीं, परंतु तुटला कीं हार राहत नाहीं. थोडक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ सांठविणाऱ्या वचनास भारतीय शास्त्रकारांनीं हेंच नांव दिलें. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी पंडितांची जुनी थट्टा आहे. परंतु या काटकसरीला एक अट आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें ४,००० सूत्रें आहेत. त्यांतील कित्येकांचा अर्थ मागील सूत्रांतून चालत आलेलें पद, म्हणजे अनुवृत्ति, धरल्यावांचून लागतच नाहीं. सूत्र जितकें लहान, तितकें तें शेजाऱ्यांवर अवलंबून. एकटें उचलून नेलें तर तें मुकें होतें, अथवा भलतेंच बोलूं लागतें.

मराठी वाङ्मयांत या गोष्टीचा उत्तम दाखला महानुभाव पंथाच्या ‘सूत्रपाठां’त मिळतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधरस्वामींनीं गोदातीरीं संचार करीत असतां शिष्यांना मराठींत उपदेश केला. त्यांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. जें बोलले तें प्रसंगानें बोलले: कोणाच्या शंकेला उत्तर म्हणून, कोणाच्या चुकीला शासन म्हणून, तर कधीं वाट चालतां चालतां. स्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्यांच्या भोंवतीं जमलेल्या शिष्यमंडळींत म्हाइंभटांनीं या आठवणी गोळा केल्या. ज्यानें पाहिलें-ऐकिलें त्याला विचारावें, आणि दोघांचें सांगणें जुळलें नाहीं तर दोन्ही टिपून ठेवावीं, अशी त्यांची चोख रीत होती. त्यांतून इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें.

चरित्र मोठें, तें मुखोद्गत कसें करावें? हें काम केशिराजांनीं, म्हणजे पंथांतील केसोबासांनीं, हातीं घेतलें. त्यांनीं कथाभाग बाजूस सारून स्वामींचीं वचनें वेगळीं काढलीं व विषयवार लावलीं. केसोबास संस्कृतांत पारंगत होते. परंतु संस्कृतांत लिहिलें तर पंथांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनीं त्यांना मराठीच लिहावयास सांगितलें, अशी पंथाची आठवण आहे. त्यामुळें सूत्रपाठाची भाषा बोलण्याची राहिली. तथापि या निवडींत एक मोठी वस्तु मागें पडली. कोणी विचारलें, कोठें विचारलें आणि कां विचारलें, हें सूत्रांत उरलें नाहीं.

ही उणीव त्या मंडळींना ठाऊक होती. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठां’त ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येक ठिकाणीं आधीं सूत्र, मग स्वामींनीं सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटीं दोहोंची सांगड घालणारें केसोबासांचें दार्ष्टांतिक, अशी मांडणी आहे. जन्मांध माणसें हत्ती चांचपतात. कानास हात लागलेला त्याला सूप म्हणतो, पायास लागलेला खांब म्हणतो. ही कथा तेथें करमणुकीसाठीं नाहीं. सूत्राचा अर्थ एका अंगानेंच धरला जाऊं नये, यासाठीं आहे. पुढच्या पिढ्यांनीं ‘प्रकरणवश’ या प्रकारच्या लेखनांत सूत्रांचे मूळ प्रसंगही पुन्हां जोडून दिले. एकानें दोरा उसवला, दुसऱ्यानें फुलांचा बाग दाखविला.

याची गरज किती, हें एका वचनावरून दिसतें. महाराष्ट्रांत वास करावा, असा स्वामींचा आदेश सूत्रपाठांत आहे. हें वचन अनेकदां प्रांताभिमानाची ध्वजा म्हणून मिरविलें जातें. परंतु त्याच्या शेजारींच कन्नड व तेलंग देशांत जाऊं नये असें सांगितलें आहे, आणि परंपरा त्याचें कारण देते: ते देश विषयसुखांनीं संपन्न, व तेथें साधकाला मान मिळतो! ओळखपाळख नसलेल्या ठिकाणीं, देशाच्या कडेला झाडाच्या तळीं राहावें, असाही उपदेश त्याच आचारप्रकरणीं आहे. परंपरेनें महाराष्ट्राला सात्त्विक देश म्हटलें, हें खरें. परंतु आदेश संन्याशाला होता, आणि त्याचा रोख अभिमान सोडण्याकडे होता. प्रसंग गळतांच अभिमान तोडणारें वचन अभिमान वाढविणारें झालें.

पुढें पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. शेंकडों वर्षें ते बाहेरच्यांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची किल्ली प्रसिद्ध केली, आणि १९३० नंतरच्या दशकांत ह. ना. नेने यांनीं नागपुरास लीळाचरित्राचे भाग छापून काढले. अक्षरें उलगडलीं. परंतु अक्षर कळणें निराळें, वचन कळणें निराळें; दुसऱ्यासाठीं किल्ली एकच, तो प्रसंग.

लेखांत सुभाषित, म्हण वा सूत्र योजणाऱ्यानें केसोबासांची ही शिस्त ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वचन आधीं त्याच्या घरीं जाऊन पाहावें. तें कोणाला उद्देशून व कशाच्या उत्तरादाखल निघालें, याची चौकशी करावी. नंतर तें आपल्या लेखांत आणावें, आणि स्वतःच्या विषयाशीं त्याचा सांधा एका वाक्यांत तरी दाखवावा. हेंच तें दार्ष्टांतिक. तो सांधा दाखवितां येत नसेल, तर वचन कितीहि सुंदर असो, तेथें त्याचें काम नाहीं असें समजावें. दाराशीं तोरण शोभतें. पण घराचा भार तोरणावर घालतां येत नाहीं.