ठाण्याची जागा : एका हुकलेल्या उमेदवारीचा इतिहास

निवडणुकांचा जो इतिहास आपल्या दप्तरी जमा होतो, तो मतपेटी उघडल्यानंतरचा असतो. कोण किती मतांनी निवडून आला आणि कोणाची अनामत जप्त झाली, याची नोंद सरकारी कागदोपत्री चिरकाल टिकते. परंतु जिच्यात मतदार नसतो, मतपेटी नसते आणि जिचा निकाल चार माणसांच्या मसलतीत लागतो, त्या उमेदवारीच्या निवडणुकीची बखर लिहिण्यास सहसा कोणी बसत नाही. अमेरिकेत या पहिल्या पायरीलाही कायद्याचे अधिष्ठान लाभले. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन राज्याने पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मत देऊन ठरवावा असा निर्बंध केला आणि पुढे ती प्रथा त्या देशात सर्वत्र रूढ झाली. तिथे या पायरीवर जो हरतो, त्याला आपल्या पराभवाचा आकडा तरी हाती मिळतो. आपल्याकडे तो मिळत नाही, आणि म्हणूनच ठाणे लोकसभा मतदारसंघात १९९६ साली जे घडले, ते सविस्तर सांगून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

कल्याण हे शिवकाळापासून सुभ्याचे ठिकाण. फाळणीनंतर तेथील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत होऊन उल्हासनगर उदयास आले, आणि रेल्वेच्या आधाराने ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ ही गावे मुंबईच्या चाकरमान्यांनी भरून गेली. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीस बिऱ्हाड हलविणारा मध्यमवर्ग आपल्याबरोबर ग्रंथालये, व्याख्यानमाला, गणेशोत्सव आणि संघाच्या शाखाही घेऊन आला. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय जनसंघाला या भूमीत जी मुळे धरता आली, ती या परंपरानिष्ठ, शिस्तप्रिय आणि मितव्ययी समाजामुळे. त्या काळी पणती या चिन्हावर उभे राहणे म्हणजे बहुधा पडण्यासाठीच उभे राहणे होते. उमेदवारीसाठी चढाओढ तर दूरच, अनामत रकमेची तजवीज कशी करावी आणि उभे कोणास करावे, हीच कार्यकर्त्यांपुढील विवंचना असे.

या पक्षाच्या पदरी यश आले ते आणीबाणीनंतर. १९५७ साली मावळातून विधानसभेवर गेलेले, आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवण्याचा परिपाठ घालून देणारे रामचंद्र काशिनाथ म्हाळगी १९७७ साली, जनसंघ ज्यात विलीन झाला त्या जनता पक्षातर्फे, ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९८० साली महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हाही ठाणेकरांनी म्हाळगींची पाठराखण केली. मार्च १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. वर्षभरात आपण काय केले, याचा हिशेब ज्यांच्यामुळे आपण निवडून आलो त्यांना देणे, ही त्यांची रीत पुढील प्रतिपादनासाठी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

म्हाळगींचा हा वारसा पुढे प्राध्यापक राम कापसे यांच्याकडे आला. मराठीचे अध्यापक, मृदुभाषी, वाचनाचा व्यासंग असलेले कापसे १९७८ पासून विधानसभेत कल्याणचे प्रतिनिधित्व करीत होते. १९८९ साली आणि पुन्हा १९९१ साली ते भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर ठाण्याचे खासदार झाले. ठाणे शहरापासून कल्याण-डोंबिवली व उल्हासनगरपर्यंत पसरलेला हा मतदारसंघ पुढे मतदारसंख्येने देशातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांत गणला जाऊ लागला. दोन वेळा निवडून आलेल्या, कोणताही ठपका नसलेल्या विद्यमान खासदाराला तिसऱ्यांदा उमेदवारी मिळावी, हा सर्वसाधारण राजकीय संकेत. तो संकेत १९९६ साली मोडला गेला.

याचे कारण समजण्यासाठी शिवसेना-भाजप युतीची दुसरी बाजूही तितक्याच न्यायाने पाहिली पाहिजे. १९६७ साली ठाणे नगरपालिकेची सत्ता हाती घेऊन शिवसेनेने आपल्या राजकीय कारकिर्दीचा पहिला विजय याच शहरात मिळविला होता. १९८४ पासून जिल्हाप्रमुख असलेल्या आनंद दिघे यांनी टेंभीनाक्यावरील आनंदाश्रमात रात्री उशिरापर्यंत गाऱ्हाणी ऐकण्याचा जो दरबार मांडला, त्यातून शाखांचे जाळे खाडीपल्याडच्या वस्त्यांपर्यंत पोहोचले. १९८९ साली शिवसेना आणि भाजप यांची युती झाली, आणि १९९५ साली शिवसेनेचे ७३ व भाजपचे ६५ आमदार निवडून येऊन मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. ज्याचे मनुष्यबळ अधिक, त्याचा जागेवर हक्क अधिक, असा दिघे यांचा दावा होता. त्या दाव्यास आधार नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही. स्वतः कधीही कोणत्याही निवडणुकीस उभे न राहिलेल्या या माणसाने ठाण्याच्या जागेसाठी आग्रह धरला, बाळासाहेब ठाकरे यांनी तो उचलून धरला, आणि वाटाघाटींच्या अखेरीस भाजपला आपल्या विद्यमान खासदाराची जागा मित्रपक्षाच्या स्वाधीन करावी लागली. शिवसेनेचे प्रकाश परांजपे उभे राहिले, निवडून आले, आणि पुढे १९९८, १९९९ व २००४ या तिन्ही निवडणुकांतही त्यांनी ती जागा राखली.

उमेदवारी हुकल्यावर माणसाची खरी पारख होते. कापसे यांनी बंडाचे निशाण उभारले नाही, अपक्ष अर्ज भरला नाही. पक्षाने त्यांना त्याच वर्षी राज्यसभेवर पाठविले. पुढे २००४ साली ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले, आणि त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला त्सुनामीने त्या बेटांवर जो अनर्थ कोसळला, त्यात मदतकार्याची धुरा वाहण्याची कठोर जबाबदारी या शांत प्रकृतीच्या अध्यापकावर येऊन पडली. २०१५ साली ते निवर्तले.

याच मुलखात नंतर दुसरी वाटही चोखाळली गेली. २०१९ साली कल्याण पश्चिमची विधानसभेची जागा युतीच्या वाटपात शिवसेनेकडे गेली, तेव्हा भाजपचे विद्यमान आमदार नरेंद्र पवार अपक्ष म्हणून उभे राहिले आणि शिवसेनेच्या विश्वनाथ भोईर यांच्याकडून पराभूत झाले. ही वाट शिस्तीच्या दृष्टीने निंद्य ठरविली जाते. पण तिने निदान एक गोष्ट साधली, ती ही की मसलतीत झालेला निर्णय मतदारांसमोर परीक्षेस आला.

ही मसलत कायद्याच्या कक्षेत येते ती एकाच क्षणी. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशानुसार, पक्षाने अधिकृत केलेल्या पदाधिकाऱ्याच्या सहीचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन फॉर्म अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागतात. सही शाईची हवी. शिक्का वा छापील सही चालत नाही. ज्याच्या नावाचा ‘बी’ फॉर्म कचेरीत दाखल झाला, त्याला चिन्ह मिळते. ज्याचा आला नाही, त्याची वीस-वीस वर्षांची सेवा त्या टेबलावर शून्य ठरते. सही खरी आहे की नाही, हे अधिकारी तपासतो. ती कोणत्या न्यायाने केली गेली, हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही, आणि मतदारालाही नाही.

हा अधिकार देण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असे नाही. २०१४ साली काँग्रेसने देशातील काही निवडक मतदारसंघांत, त्यांत आपल्या वर्ध्यातही, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे मतदान घेऊन लोकसभेचा उमेदवार निवडला. वर्ध्याचा तो उमेदवार पुढे निवडणुकीत हरला, आणि त्या पराभवाबरोबर प्रयोगही मागे पडला. एका पराभवाने एक चांगली रीत टाकून द्यावी, हे मला योग्य वाटत नाही. कारण निवडीची पद्धत आणि निवडणुकीची लाट या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२०२४ साली भाजपने ठाण्याच्या जागेवर पुन्हा दावा सांगितला, पुन्हा वाटाघाटी लांबल्या, आणि जागा पुन्हा शिवसेनेकडेच राहून नरेश म्हस्के खासदार झाले. तेव्हा अनेकांना कापसे आठवले. १९९६ चा तह राजकीय हिशेबाने यशस्वी होता, आणि परांजपे यांचा लागोपाठचा विजय त्याची साक्ष देतो. तथापि कापसे यांनी सात वर्षांत काय केले, ते बरे की वाईट, याचा कौल देण्याची संधी मतदारांना मिळाली नाही, ही त्या तहातील उणीव कोणत्याही विजयाने भरून निघत नाही. खासदाराने आपल्या कामाचा हिशेब मतदाराला द्यावा, हा म्हाळगींचा धडा याच मतदारसंघाने गिरविला होता. ज्याने हिशेब घ्यायचा, त्यालाच निवाड्यापासून दूर ठेवले, तर त्या धड्याचे मोल उरत नाही. पक्षांनी युती करावी, जागा अदलाबदल कराव्यात, हा त्यांचा हक्क आहे. परंतु विद्यमान प्रतिनिधीला बाजूला सारताना त्याची कारणे लेखी, जाहीरपणे आणि आपल्या सभासदांच्या मताने द्यावीत, एवढे बंधन तरी त्यांनी स्वतःवर घालून घेतले पाहिजे. ज्या मुलखाने अहवाल देणारा खासदार निवडून दिला, त्या मुलखाने ही मागणी सर्वांच्या आधी करावी.