नेतृत्व, यहुदी परंपरेतील

वेगवेगळ्या स्वभावाच्या प्रत्येक माणसाला सांभाळून घेण्याची कुवत, ही यहुदी परंपरेत नेत्याची मोठी कसोटी मानली जाते. तिचे मूळ तोरातील ‘गणना’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सापडते. आपल्यामागे लोकांना वाली असावा म्हणून मोशे देवाला विनवतो, तेव्हा सर्व देहधाऱ्यांच्या आत्म्यांचा देव असे त्याला संबोधतो. फ्रान्समधील भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांनी मिद्राश या प्राचीन भाष्यसाहित्याच्या आधारे याचा अर्थ असा लावला : प्रत्येकाचे मन निराळे आहे हे देव जाणतो, म्हणून ज्याच्या-त्याच्या प्रकृतीप्रमाणे वागणारा नेता त्याने नेमावा. मोशेनंतर यहोशवा नेमला गेला.

या कसोटीला न उतरलेल्या नेत्याची हकिकतही परंपरेने लपवली नाही, हे विशेष. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर याव्ने येथील विद्यापीठाचे प्रमुखपद रब्बान गमलीएल (दुसरे) यांच्याकडे आले. सायंप्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, या वादात त्यांनी रब्बी यहोशुआ यांना भर सभेत उभे ठेवले आणि आपले प्रवचन चालूच ठेवले. विद्वानाचा हा अपमान सभेला सहन झाला नाही. बॅबिलोनी तालमूदाच्या बेराखोत भागानुसार, गमलीएल यांना पदावरून दूर करून तरुण एलाझार बेन अझार्या यांना नेमण्यात आले. मनाने व वर्तनाने एकसारखा नसलेला विद्यार्थी आत घेऊ नये, असा गमलीएल यांचा दंडक होता. त्यांना हटवले त्या दिवशी दारावरचा पहारा उठला आणि शेकडो बाके वाढवावी लागली. ४०० की ७००, याविषयी तालमूदातच मतभेद आहे. गमलीएल मात्र सभा सोडून गेले नाहीत. पुढे ते क्षमा मागायला यहोशुआंच्या घरी गेले, तेव्हा काजळीने काळवंडलेल्या भिंती पाहून त्यांना यजमानांचा व्यवसाय प्रथमच उमगला. विद्वान पोट कसे भरतात हेही ज्याला ठाऊक नाही, अशा नेत्याच्या पिढीची यहोशुआंना कीव आली, आणि ती त्यांनी तोंडावर बोलून दाखवली. अखेर समेट झाला. गमलीएल यांना पद परत मिळाले, परंतु एलाझार यांनाही ठरावीक शब्बाथांना प्रवचनाचा मान राहिला.

बाराव्या शतकात मैमोनिडीस यांनी ‘मिश्ने तोरा’मध्ये नेत्याच्या या कसोटीला कायद्याचे रूप दिले. समाजावर उद्दामपणे अधिकार गाजवण्यास त्यांनी नेत्याला मनाई केली. लोक अडाणी असले, तरी ते अब्राहामाचे वंशज आहेत, असे कारण त्यांनी दिले.