रानातला कवी : ना. धों. महानोर

निसर्ग पाहावयास जाणारे कवी आमच्या भाषेत पुष्कळ झाले. मातीत राबून तिच्याविषयी लिहिणारे थोडेच. नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. जळगाव येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून ते शेतावर परतले. आम्हां अध्यापकांस ही गोष्ट किंचित बोचते खरी. परंतु वर्गात जे आम्ही शिकवू शकलो नसतो, ते त्यांना रानाने शिकविले.

१९६७ साली ‘रानातल्या कविता’ प्रसिद्ध झाल्या. ओवीची व लोकगीतांची लय त्यांत इतकी सहज उतरली आहे की, शृंगारदेखील पिकाबरोबरच वाढल्यासारखा वाटतो. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यानेही न्यू हॅम्पशायरमध्ये काही वर्षे शेती केली. पण १९११ साली त्याने ती विकून टाकली. महानोरांनी जमीन सोडली नाही. विधान परिषदेत गेले, तेथेही ते शेती आणि पाणी यांविषयीच बोलले.

‘जैत रे जैत’च्या गीतांनी त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्या कीर्तीच्या छायेत ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य काहीसे झाकले गेले, असे आम्हांस वाटते. लेण्यांतील चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल आणि स्थानिक स्त्री पारो यांची ती प्रेमकथा. घरापाशीच पडलेला इतिहास कवीने उचलला. पावसाच्या या कवीस साहित्य अकादमीचा २००० सालचा पुरस्कार मिळाला, तो मात्र ‘पानझड’ या संग्रहासाठी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, ऐन पावसाळ्यात, पुण्यास त्यांचे निधन झाले.