आठ भाकरींचा हिशेब आणि एका वाटीचं पोट

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, जमलं तर बिनसाखरेचा.

गेल्या काही महिन्यांत भेटेल तो विचारतोय, "वजन कसं काय उतरवलंस?" कुणी काढा विचारतं, कुणी जिमचं नाव. लपवण्यासारखं काही नाही, सांगून टाकतो. गेल्या वर्षी पुण्यात मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. बॅरिॲट्रिक सर्जरी. त्यातली 'स्लीव्ह' म्हणतात ती. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवतात. त्या नळीत सुरुवातीला जेमतेम एक वाटीभर अन्न मावतं. साखर होती, बीपी होतं, गुडघे बोलायला लागले होते. सगळे उपाय करून झाले होते, म्हणून हा केला.

पण आजची पोस्ट ऑपरेशनची नाही, त्यानंतरच्या ताटाची आहे.

दवाखान्यातून निघताना आहाराचा एक कागद हातात पडला. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं म्हणजे प्रोटीन घ्या, पिष्टमय पदार्थ म्हणजे कार्ब कमी करा, घास घेताना आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर धान्य. खाली यादी. चिकन ब्रेस्ट, टोफू, ग्रीक योगर्ट, व्हे पावडर. आईनं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "आरं, पर ह्यात भाकरी कुठं हाय?"

आई माळकरी. घरात अंडं येत नाही. टोफू आमच्या आठवडे बाजारात नाही. मग जे व्हायचं तेच झालं. मऊ भात, पेज, पातळ वरण, दुधात कुस्करलेली भाकरी. हे सगळं सहज गिळलं जायचं, पोट भरायचं, वजनही उतरत होतं. घरचे खूश, मीही खूश. पाचव्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले. एक दिवस बँकेचा जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कठडा धरून खाली बसलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "चरबी उतरतेय, पण सोबत स्नायूही उतरताहेत. तुम्ही खाताय, पण प्रोटीन खात नाही."

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. पिढ्यान् पिढ्या भाकरी खाऊन आमच्याकडची माणसं नांगर धरत आली. मग त्याच भाकरीनं माझा घात का केला? उत्तर शोधताना मी थेट लंडनला गेलो आणि फिरून आपल्या खटाव तालुक्यातच आलो.

लंडनची गोष्ट थोडक्यात. विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेचा, राजघराण्यातल्या अंत्ययात्रासुद्धा त्यांच्याच पेढीकडे. १८६२ साली वय ६६, उंची साडेपाच फुटाला एक इंच कमी, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरनं त्याला पाव, साखर, बटाटा, बिअर, दूध, लोणी बंद करायला सांगितलं आणि मांस-मासे खायला लावले. वर्षभरात ४६ पौंड कमी झाले. १८६३ साली बँटिंगनं लोकांसाठी एक पुस्तिका काढली, ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत आजही वजन कमी करण्याला 'बांता' म्हणतात. कार्ब कमी, प्रोटीन जास्त हा आज मोबाइलवर दिसणारा सल्ला असा दीडशे वर्षांहून जुना आहे.

ऑपरेशनचा धागा वेगळा. १९५०च्या दशकात अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करायचे. वजन उतरायचं, पण जुलाब, मुतखडे, यकृत निकामी होणं, प्रथिनांची उपासमार. ती पद्धत पुढं मागं पडली. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन या सर्जननं पाहिलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी जठराचं बायपास केलं. तिथून आजची बॅरिॲट्रिक सर्जरी उभी राहिली.

एक धडा मात्र फार महागात पडला. १९७०च्या दशकात अमेरिकेत 'लिक्विड प्रोटीन'ची लाट आली. बाकी सगळं बंद करून फक्त ते द्रव प्यायचं. ते बनायचं जनावरांची कातडी आणि तसल्या टाकाऊ भागांतल्या कोलॅजनपासून. बाटलीवर प्रोटीन लिहिलेलं होतं, पण शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात नव्हती. १९७७च्या सुमारास असं द्रव पिणाऱ्या साठेक जणांच्या मृत्यूची चौकशी करावी लागली. यातल्या कित्येकांचं हृदय बंद पडलं होतं. म्हणून सांगतो, 'प्रोटीन' असं लिहिलेला कुठलाही डबा बघून हुरळून जाऊ नका.

आता आपल्या गावाकडं येऊ.

खटाव तालुक्यातलं बुध. तिथं १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. संख्याशास्त्रज्ञ. लंडनला शिकले, दिल्लीत शेतीसंशोधनात काम केलं आणि १९५१पासून जवळजवळ वीस वर्षं रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. आपल्या तालुक्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? मलाही नव्हतं.

त्या काळात जगभर 'प्रोटीन गॅप'ची हाकाटी होती. गरीब देशांतल्या माणसांना प्रोटीन कमी पडतं, म्हणून त्यांना माशांचं पीठ द्या, खास पावडरी द्या, असा सूर होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं, की भारतात ज्यांना प्रोटीन कमी पडतं, त्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतं. पोटाला पुरेसं मिळालं नाही, तर शरीर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळून टाकतं. आधी माणसाला पोटभर धान्य-डाळ मिळू द्या, प्रोटीन आपोआप भागेल. १९७३ मध्ये जागतिक संस्थांनी प्रोटीनच्या गरजेचा आकडा खाली आणला आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रोटीनच्या त्या गाजावाजाला 'महान फज्जा' ठरवलं.

मी हे वाचलं आणि वहीत हिशेब केला. तुम्हीही करा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रोटीन. एका दणदणीत भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरा. माझे आजोबा दिवसाला आठ भाकरी खायचे, हे आई अजून सांगते. आठ भाकरी म्हणजे ६०० ग्रॅम पीठ. म्हणजे ६० ग्रॅम प्रोटीन!

माझ्या कागदावरचा आकडा तोच होता. आजोबा तो निव्वळ भाकरीतून गाठत होते. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते वरणा-उसळीनं भरून निघायचं. आणि आठ भाकरींच्या दोन हजारांवर कॅलरी मोटेवर, नांगरावर जळून जायच्या.

सुखात्मे बरोबर होते. पण त्यांच्या हिशेबात एक अट आहे, माणसाचं पोट मोठं हवं आणि कष्ट भरपूर हवेत. माझं पोट वाटीएवढं. एका वेळी पाव भाकरी खाल्ली की संपलं. पाव भाकरीत प्रोटीन दोन ग्रॅमसुद्धा नाही. पोट भरलं की प्रोटीन भागतं, हा नियम माझ्यासाठी उलटा झाला. आता पोट भरायच्या आत प्रोटीन भागवायचं.

इथवर वाटेल, की हा ऑपरेशनवाल्यांचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचं. थांबा. आज तुमच्यापैकी आठ भाकरी कोण खातं? ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, आपण दोन-तीन भाकरींवर आलो. भाकरी कमी झाल्या तशी त्यातली प्रथिनंही कमी झाली. राहिलेली भूक आपण साखरेच्या चहानं, खारीनं, बिस्किटानं, फरसाणानं भागवली. कवळी बसवलेले म्हातारे चहात पाव बुडवून दिवस काढतात. त्यांचंही पोट वाटीएवढंच झालंय, फक्त ऑपरेशन न करता.

आणि डाळ? सरकारी आकडे बघा. देशात माणशी दिवसाला डाळी-कडधान्यं १९५१ मध्ये साधारण ६१ ग्रॅम उपलब्ध होती. १९६१ मध्ये ६९. २००१ मध्ये ३०. धान्य मात्र १९५१ मध्ये ३३४ ग्रॅम आणि २००१ मध्ये ३८६. हरितक्रांतीनं गहू-तांदूळ दिला, त्यानं दुष्काळातली माणसं जगली, हे विसरून चालणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन राहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. पण पाणी, हमीभावानं खरेदी, गोदाम हे सगळं गहू-तांदळाच्या वाट्याला गेलं. आपल्याकडं पाणी आलं तिथं ऊस आला. हुलगा, मटकी, चवळी बांधावर आणि माळावर गेली. २००१नंतर आकडा थोडा सावरला, पण १९६१ला काही पोचला नाही.

रेशनचंही तेच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्य, २०२३पासून फुकट. चांगलं आहे. दिवसाला ते साधारण १६५ ग्रॅम पडतं, त्यात प्रोटीन १३ ते १८ ग्रॅम. बाकीचं स्वतः विकत घ्या. कोरोनात काही महिने कुटुंबामागं किलोभर डाळ किंवा हरभरा मिळाला होता. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं. पुढं तो बंद झाला. शाळेतल्या पोरांना नोव्हेंबर २०२३पासून आठवड्यातून एक अंडं (न खाणाऱ्यांना केळं) सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. हा पक्षाचा मुद्दा करू नका. वाढत्या पोराच्या सहा ग्रॅम प्रोटीनचा मुद्दा आहे.

बरं, मी काय केलं? आईनंच केलं. कागदावरची यादी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुला गरामचं सांग, पदार्थ म्या बघते." सकाळी भिजवलेल्या मुगाचं धिरडं, ४० ग्रॅम मूग म्हणजे ९ ग्रॅम. दोन वेळा मिळून १०० ग्रॅम पनीर, १८. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, चुरून भाजीत, १५. टांगलेल्या दह्याचा चक्का, बिनसाखरेचा, ८. मऊ उकडून चेचलेले हरभरे ६. पेलाभर दूध ६. झाले ६२. सहा वेळा विभागून, जेवताना पाणी नाही, घास बारीक चावून. थंडीत हुलग्याचं माडगं, गूळ न घालता. कधी कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि जो आपल्याच घरात महिन्यातून एकदा शिजतो. भाकरी आहेच, शेवटी, चतकोर. जिना आता न थांबता चढतो. केस परत येताहेत, तेवढे येतील तेवढे.

(ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच खावं. बी-१२सारख्या गोळ्या कायमच्या असतात, त्या सोडू नका. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा वेगळा असतो. माझं ताट बघून तुमचं ठरवू नका.)

पनीर रोज परवडतं असं नाही. मला पगार आहे म्हणून जमतं. ज्याला नाही, त्याच्यासाठी रस्ता एकच, डाळ-कडधान्य रेशनवर आलं पाहिजे आणि ते पिकवणाऱ्याला उसासारखा खात्रीचा गिऱ्हाईक मिळाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे, की महिन्याला कुटुंबामागं किमान दोन किलो डाळ किंवा कडधान्य रेशन दुकानात मिळावं आणि ते शक्यतो जिल्ह्यातच खरेदी करावं. ठरावानं लगेच काही होत नाही, माहीत आहे. पण मागणी कागदावर तरी येईल.

बुधच्या माणसानं रोममध्ये बसून सांगितलं, की आधी भारताचं पोट भरा. ते आपण बऱ्यापैकी केलं. आता त्या पोटात काय भरतोय, ते आपलं आपल्यालाच बघावं लागेल.

तुमच्या घरात पूर्वी कुठली कडधान्यं व्हायची आणि आता होत नाहीत, ते खाली लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. आणि हो, आज रात्री त्यांच्या ताटात वरण किती घट्ट आहे, तेवढं बघा.