वऱ्हाडातील ठासणीची बंदूक : रचना, निगा व कायदा

बुलढाणा जिल्ह्याच्या लष्करी इतिहासात सिंदखेडचे जाधव घराणे आणि १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई यांना मोठे स्थान आहे. परंतु बंदुकीचा इतिहास रणांगणावरच संपत नाही. ज्वारीच्या शेतात रात्री जागल करणाऱ्या कास्तकाराची ठासणीची बंदूक हाही त्या इतिहासाचाच भाग होय. तिची निगा घरी कोठपर्यंत राखावयाची, हा प्रश्न यंत्रविद्येइतकाच कायद्याचाही आहे.

जुन्या बंदुकीत जळत्या तोड्याने कानातील दारू पेटे. १८०७ साली फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी प्रचारात आली व तोड्याची जागा घोड्याने घेतली. नळी, दस्ता, घोडा, चाप व गज ही या बंदुकीची मुख्य अंगे होत.

काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची असते. ती जळल्यावर नळीत क्षार उरतात, ते हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंड गंजू लागते. वन्य पशूंपासून पिकाचे रक्षण करण्याचे दिवस आणि पावसाळ्याचे दिवस पुष्कळ अंशी एकच असल्याने हा दोष येथे विशेष जाणवतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नुसते तेल चोपडल्यास गंज तेलाखाली वाढतच राहतो. नळी प्रथम गरम पाण्याने धुणे, कोरड्या फडक्याने पुसणे व मगच तेल देणे, हा क्रम त्यामुळेच रूढ झाला. त्याही आधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करणे अवश्य असते, कारण ठासलेला बार बाहेरून दिसत नाही.

पुढे काडतुसाची बंदूक आली. तिच्या नळ्या दस्त्यापासून सहज सुटतात. त्यामुळे साफसफाई सोपी झाली. तथापि दोन्ही प्रकारांत एक मर्यादा कायम राहिली. नळीचे बूड आणि घोड्याची ताणलेली कमान उघडणे हे कुशल कारागिराचेच काम होय. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या गुंडाळून घडविलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या असत. त्यांत आधुनिक दारूचे काडतूस वापरल्यास नळी फुटण्याचे भय असते.

कायद्यानेही हीच सीमा अधिक स्पष्ट केली. १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने शस्त्रे बनविणे, त्यांत फेरफार करणे व विकणे यांवर परवान्याचे बंधन घातले. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या १९५९ च्या कायद्याने त्यांत दुरुस्तीचाही स्पष्ट उल्लेख केला. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. म्हणजे कास्तकाराची गरज मान्य झाली. पण परवाना नसलेल्या गावच्या लोहाराच्या भात्यापुढून ती बंदूक दूर गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर परवान्याची बंदूक हाती असली तरी रानडुक्कर वा रोही मारण्यास स्वतंत्र परवानगी लागू लागली.

आज अशा बंदुका क्वचितच घरात आढळतात. खंडेनवमीस पूजेत ठेवलेली बंदूक चकाकावी म्हणून ती खरवडून घासली जाते. त्यात नळीवरील कारखान्याची व चाचणीची चिन्हे झिजून जातात. तीच त्या वस्तूची जन्मपत्रिका होत. ती एकदा पुसली गेली, की पूजेतील शस्त्र उरते, पण इतिहासाचे साधन उरत नाही.