विजेवाचून राहणारी आठवण

पोलादपुरास पाऊस लागला की वीज जायची, हे आम्ही गृहीतच धरून असतो. गतवर्षी श्रावणात अशीच ती गेली, आणि संगणकावर चाललेल्या कादंबरीची, न साठवलेली चार पाने तिच्याबरोबर गेली. वहीत लिहिली असती तर राहिली असती, हा घरच्यांचा शेरा मुकाट्याने ऐकून घेतला. महाडजवळ गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालिताचा ब्राह्मी लेख दीड हजारांहून अधिक वर्षे टिकून आहे, आणि माझ्या यंत्राला क्षणापूर्वीचे स्मरत नाही!

पण संगणक काही नेहमीच असा विसराळू नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक' ह्या यंत्राची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी ह्या किंवा त्या दिशेने चुंबकित होई, आणि वीज तोडली तरी ती दिशा तशीच राही. एवढ्या मोठ्या यंत्रात मावत ते अवघे २,०४८ 'शब्द', प्रत्येकी ४० बिटांचे.

पुढे १९७० साली इंटेलची '११०३' ही सिलिकॉनची चिप आली. स्वस्त आणि आटोपशीर. तिच्यापुढे कड्यांचा निभाव लागला नाही. परंतु तिच्यातला एकेक कप्पा म्हणजे गळकी घागर. साठवलेला विद्युत्भार झिरपत राहतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. भरणारा हात थांबला की सारे रिकामे. माझी पाने गेली ती इथे. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका ह्यांनी 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. ती विजेवाचून राहते खरी. पण लिहायला मंद, आणि पुन्हापुन्हा पुसल्याने झिजणारी. तेव्हा ती कोठीघर झाली, कामाचा ओटा काही झाली नाही.

'एमरॅम' नावाची चुंबकीय स्मृती २००६ पासून चिपच्या रूपाने विकली जाते. कड्यांचीच युक्ती, अतिसूक्ष्म झालेली. अशी स्मृती घरगुती संगणकात मुख्य जागी बसली, तर वीज परतल्यावर अर्धे वाक्य होते तिथेच सापडेल, आणि निजलेले यंत्र फारशी वीज खाणार नाही. मात्र ती महाग, आणि तीत मावतेही थोडेच. ह्याच वाटेने निघालेला 'ऑप्टेन'चा व्यवहार इंटेलने २०२२ साली गुंडाळला. शिवाय अडलेले यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा आपला रामबाण उपाय तेव्हा तितका लागू पडणार नाही. चूकही त्याच्या ध्यानात राहील.

ती चार पाने मी पुन्हा लिहिली. पहिल्यापेक्षा बरी उतरली, असे घरचे म्हणतात. मला ते अजून पटलेले नाही.