टॅक्स वाचवताना सापडलेली चव

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे डब्लिनला होतो. एका शनिवारी पबमध्ये समोर तीन छोटे ग्लास आले. बुशमिल्स हलकी, गोडसर. कॉनेमाराला चुलीजवळ बसल्यासारखा धुरकट वास, कारण तिचं धान्य पीट जाळून त्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं इंधन. आणि तिसरी रेडब्रेस्ट. जिभेवर तेलकट, दाट, आणि मागून मिरी-लवंगेसारखा झणका. म्हटलं, यात मसाला घातलाय की काय?

मसाला नाही, टॅक्स घातलाय!

उसळीसाठी आपण मटकीला मोड आणतो ना, तसे जवाला मोड आणून सुकवले की झालं माल्ट. १७८५ मध्ये आयर्लंडमध्ये माल्टवर कर बसला. मग डिस्टिलरीवाल्यांनी मोड न आणलेले कच्चे जव जास्त वापरायला सुरुवात केली. असं मिश्रण आधीही होत असे, पण करामुळे ती रीतच पडली. तो तेलकटपणा, तो झणका, सगळा या कच्च्या जवाचा. आज याला सिंगल पॉट स्टिल म्हणतात, आणि दोन्ही प्रकारचे जव किमान ३०-३० टक्के हवेत असा नियमच आहे. आमच्या भाषेत, वर्कअराउंडचं फीचर झालं.

पुढची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. एनियस कॉफी हा आयर्लंडमधलाच अबकारी खात्याचा बडा अधिकारी. त्याने १८३० मध्ये न थांबता चालणाऱ्या उंच स्टिलचं पेटंट घेतलं. दारू स्वस्त, भरपूर, पण चवीला सौम्य. डब्लिनच्या जेमसन, पॉवर, रो या मोठ्या घराण्यांनी नाक मुरडलं. ही व्हिस्कीच नव्हे, असं सांगणारं पुस्तकसुद्धा छापलं! स्कॉटलंडने तेच यंत्र उचललं आणि ब्लेंड विकून बाजार मारला. १९०९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशननेही कॉफीच्या यंत्रातल्या दारूला व्हिस्की म्हणायला हरकत नाही, असं ठरवलं.

मला ती डब्लिनची मंडळी मूर्ख वाटत नाहीत. चवीबद्दल त्यांचं बरोबरच होतं. रेडब्रेस्ट प्यायल्यावर तर माझी खात्रीच पटली.

पण धंदा बसत गेला. त्यात अमेरिकेतली दारूबंदी, मग १९३० च्या दशकात ब्रिटनशी व्यापारयुद्ध. १९६६ मध्ये जेमसन, पॉवर आणि कॉर्कची कंपनी एकत्र आल्या, १९७५ मध्ये सगळं काम मिडलटनच्या नव्या डिस्टिलरीत गेलं. मग अख्ख्या बेटावर चालू डिस्टिलऱ्या उरल्या दोन: मिडलटन आणि उत्तरेची बुशमिल्स. १९८७ मध्ये कूली आली, तेव्हा कुठे तिसरी.

आणि आज जगभर खपणारी जेमसन? ती ब्लेंड आहे. थोडी पॉट स्टिल, आणि सोबत कॉलम स्टिलमधली हलकी व्हिस्की, म्हणजे कॉफीच्याच यंत्राच्या वंशातली. त्या रात्री मी बिल देत होतो, तेव्हा शेजारच्या टेबलावर तीच चालली होती.